तय्यबजींनी दिलेला जामीन

सापगावातल्या एका मुलीने परवा विचारले, "सर, जज्ज व्हायला काय करावं लागतं?" मी नेहमीचे सांगितले. कायद्याची पदवी, वकिलीचा अनुभव, लोकसेवा आयोगाची परीक्षा, मग दिवाणी न्यायाधीश. शहापूर-मुरबाडच्या कोर्टापासून सुरुवात होते. तिने लगेच पुढचे विचारले, "आपल्यातलं कुणी झालंय?"

झाले आहेत. बद्रुद्दीन तय्यबजी, जन्म १८४४. खंबायतहून मुंबईत आलेल्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. आधी मदरशात उर्दू-फारसी, मग एल्फिन्स्टन, मग विलायत. डोळ्यांच्या दुखण्याने मधेच परतावे लागले, तरी पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष. १८९५ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. तिथले पहिले मुसलमान. रानडे खालच्या कोर्टांतून पायरी-पायरीने वर आले होते, तय्यबजी थेट वकिलीतून.

आता १८९७. 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, हायकोर्टातही आधी नकारच मिळाला. ऑगस्टमध्ये अर्ज तय्यबजींपुढे आला. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर दावर उभे होते. तय्यबजींनी जामीन दिला. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हा त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. जामीन म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला नव्हे, हे आजही चहाच्या टपरीवर कुणाला पटत नाही.

तेव्हा मुंबईतले असे खटले हायकोर्टातच ज्युरीपुढे चालत. पुढे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर खटला उभा राहिला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वर्गात शिकवताना आम्ही हे अठरा महिने न चुकता सांगतो. जामीन मात्र गाळतो. मीही कित्येक वर्षे गाळला.

१९०८ मध्ये टिळक पुन्हा आरोपी. या वेळी न्यायासनावर दावर होते, तेच. जामीन मागायला बॅरिस्टर जिना उभे राहिले. दावरांनी तो नाकारला, आणि खटल्याअखेर सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. टिळकांना मंडालेला नेले.

मुलगी म्हणाली, "मग तय्यबजी काय म्हणाले?"

ते १९०६ मध्येच लंडनला वारले होते.