क्रांतिक मार्ग : एका गणनपद्धतीचा उगम आणि तिची कीर्ती

कोणत्याही मोठ्या कामाची लहान लहान कार्यांत फोड केली, म्हणजे त्यांपैकी काही कार्ये एकामागून एकच करता येतात आणि काही एकाच वेळी चालू शकतात, असे दिसून येते. आरंभापासून अखेरपर्यंत जाणाऱ्या कार्यांच्या ज्या साखळीस सर्वांत अधिक काळ लागतो, तिच्यावरच संपूर्ण कामाचा कालावधी अवलंबून असतो. या साखळीस इंग्रजीत क्रिटिकल पाथ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला 'क्रांतिक मार्ग' म्हटले आहे. ही कल्पना इतकी साधी आहे की, ती कोणास तरी शोधून काढावी लागली, याचेच प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. तथापि गणिताच्या रीतीने ती मांडली गेली ती १९५७ ते १९५९ या अवघ्या दोन-तीन वर्षांत, आणि तीही अमेरिकेतील दोन अगदी भिन्न ठिकाणी. या दोन उगमांचे स्वरूप काय होते, आणि त्यांपैकी एकास जी कीर्ती लाभली ती पुराव्यास धरून होती काय, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

त्यापूर्वी वेळापत्रके नव्हती असे नाही. अमेरिकन अभियंते हेन्री गँट (१८६१–१९१९) यांच्या नावाने ओळखला जाणारा पट्ट्यांचा तक्ता पहिल्या महायुद्धाच्या काळापासून कारखान्यांत रूढ झाला होता. कोणते काम केव्हा सुरू व्हावयाचे व किती दिवस चालावयाचे, हे त्यात आडव्या पट्टीच्या लांबीने दाखविले जाते. परंतु मूळ गँट-तक्त्यात एक उणीव होती. कोणते काम कोणत्या कामावाचून सुरूच होऊ शकत नाही, हा संबंध त्यात दिसत नसे. एक पट्टी चार दिवस पुढे सरकली तर उरलेल्यांपैकी किती पट्ट्या सरकतील, याचे उत्तर तक्त्याजवळ नसून तक्ता काढणाऱ्याच्या डोक्यात असे. पोलंडमधील अभियंते कारोल आदामियेत्स्की यांनी १८९६ मध्ये सिद्ध केलेल्या 'हार्मोनोग्राम' नामक आलेखात हे परावलंबन दाखविण्याची सोय होती; परंतु त्यांचे लेखन पोलिश व रशियन भाषांत असल्यामुळे पश्चिमेकडे त्याचा फारसा प्रसार झाला नाही. म्हणजे उणीव होती ती कल्पनेची नव्हे. शेकडो कार्यांचे परस्परसंबंध एकत्र मांडून त्यांतून उत्तर काढण्याच्या साधनाची ती उणीव होती.

हे साधन प्रथम एका रासायनिक कारखानदाराच्या हाती आले. ड्यू पॉन्ट या कंपनीने युनिव्हॅक हा संगणक घेतला होता, आणि अभियांत्रिकी विभागाच्या कामी त्याचा काही उपयोग होईल काय, हा विचार तेथे १९५६ च्या अखेरीस सुरू झाला. १९५७ मध्ये ड्यू पॉन्टचे मॉर्गन वॉकर आणि युनिव्हॅक बनविणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीतील गणिती जेम्स केली यांनी संयुक्तपणे काम हाती घेतले. कार्यांतील पूर्वापर संबंध बाणांच्या जालाकृतीने दाखवावयाचे, प्रत्येक बाणास त्याचा कालावधी द्यावयाचा, आणि मग संगणकाकडून वेळापत्रक काढून घ्यावयाचे, ही त्यांची पद्धती होय. डिसेंबर १९५९ मध्ये बॉस्टन येथील संगणकविषयक परिषदेत त्यांनी ती जाहीरपणे मांडली. गंमत अशी की, 'क्रिटिकल पाथ' हे नाव त्यांचे नव्हे. ड्यू पॉन्टच्या गटात त्यास 'मुख्य साखळी' अशा अर्थाचे नाव होते. प्रचलित नाव दुसऱ्या उगमाकडून आले, असे केली यांनीच पुढे नमूद केले आहे.

पद्धतीचे मर्म एका लहानशा कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, कारखान्यातील एक पात्र दुरुस्तीसाठी बंद ठेवावयाचे आहे. ते थंड करून रिकामे करण्यास ८ तास लागतात. त्यानंतर दोन कामे समांतर चालू शकतात. एकीकडे पात्र आतून साफ करावयाचे, त्यास २० तास. दुसरीकडे पंप उतरवून कर्मशाळेत न्यावयाचा, त्यास ४ तास, त्याची दुरुस्ती करावयाची, त्यास १४ तास, व तो पुन्हा बसवावयाचा, त्यास ५ तास. दोन्ही बाजू पुऱ्या झाल्यावर चाचणी घेऊन पात्र चालू करण्यास १० तास. सर्व कार्यांच्या वेळांची बेरीज ६१ तास होते. परंतु साफसफाईच्या मार्गाने ३८ तास व पंपाच्या मार्गाने ४१ तास लागत असल्यामुळे काम ४१ तासांत पुरे होईल. पंपाचा मार्ग हा येथे क्रांतिक मार्ग होय. साफसफाईस ३ तासांची सवड आहे. ती तीन तास उशिरा सुरू झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही. पंपाचे काम मात्र एक तास लांबले की सर्वच काम एक तासाने लांबते.

या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात, आणि त्या व्यवहारबुद्धीस सहज सुचणाऱ्या नाहीत. सर्वांत दीर्घ असे एकेरी कार्य म्हणजे साफसफाई. एखादा दक्ष व्यवस्थापक तिच्यावरच जादा माणसे लावील. परंतु ती २० ऐवजी १० तासांत झाली, तरी काम ४१ तासांपूर्वी संपणार नाही. उलट पंपाची दुरुस्ती १४ ऐवजी ९ तासांत उरकली, तर वाचणारा वेळ पाच तासांचा नसून तीनच तासांचा असेल. कारण पंपाचा मार्ग आता ३६ तासांचा झाला व ३८ तासांचा दुसरा मार्ग क्रांतिक बनला. सरसकट घाई करणे व्यर्थ असते, आणि योग्य ठिकाणी केलेल्या घाईलाही मर्यादा असते. सहा कार्यांत हे डोळ्यांना दिसते. कित्येक शेकडा कार्यांच्या जालाकृतीत ते दिसत नाही. तेथे आरंभापासून पुढे बेरजा करीत जाऊन प्रत्येक कार्य लवकरात लवकर केव्हा सुरू होऊ शकेल ते काढावे लागते. मग अखेरीपासून मागे वजाबाक्या करीत येऊन उशिरात उशिरा केव्हा सुरू केले तरी चालेल ते काढावे लागते. या दोहोंतील अंतर म्हणजेच सवड.

केली व वॉकर यांचा मूळ प्रश्न मात्र केवळ वेळेचा नव्हता. तो पैशाचा होता. प्रत्येक कार्य नेहमीच्या गतीने केल्यास एक खर्च येतो व घाईने केल्यास अधिक खर्च येतो. मग संपूर्ण काम अमुक दिवसांत संपवावयाचे, तर कोणती कार्ये किती घाईने केली असता एकूण खर्च कमीत कमी येईल? केली यांनी हा प्रश्न रेषीय प्रायोजनाच्या रूपात मांडला, आणि १९६१ मध्ये 'ऑपरेशन्स रिसर्च' या नियतकालिकात त्याची गणिती बैठक प्रसिद्ध केली. त्याच वर्षी डी. आर. फुल्करसन यांनी जालप्रवाहाच्या सिद्धान्तावरून याच प्रश्नाची उकल दाखविली. व्यवहारातील पडताळाही याच सुमारास मिळाला. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील ड्यू पॉन्टच्या कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रे बंद ठेवण्याचा काळ सरासरी १२५ तासांचा असे. नव्या पद्धतीने आखणी केल्यावर तो ९३ तासांवर आला. येथे तुलना करण्यास आधार आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. काम तेच, जागा तीच, पुन्हा पुन्हा होणारे, फरक आखणीचा.

दुसरा उगम अमेरिकन नौदलातील. पाण्याखालील पाणबुडीतून सोडावयाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी १९५५ च्या अखेरीस रिअर अ‍ॅडमिरल विल्यम रेबॉर्न यांच्या हाताखाली एक विशेष कार्यालय स्थापन झाले होते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर या कार्यक्रमाची मुदत अलीकडे ओढण्यात आली. १९५८ च्या प्रारंभी या कार्यालयातील विलर्ड फझार, बूझ अ‍ॅलन अँड हॅमिल्टन ही सल्लागार संस्था आणि क्षेपणास्त्राचे प्रमुख ठेकेदार लॉकहीड यांच्या गटाने जी पद्धती रचली, ती 'पर्ट' या संक्षिप्त नावाने जगभर गाजली. माल्कम, रोझबूम, क्लार्क व फझार या चौघांनी १९५९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

जालाकृती तीच; परंतु प्रश्न निराळा. पूर्वी कधीच न केलेल्या संशोधनास किती आठवडे लागतील, हे कोण सांगणार? म्हणून पर्टने प्रत्येक कार्यासाठी तीन अंदाज मागितले: सर्व सुरळीत झाल्यास लागणारा काळ अ, सर्वाधिक संभाव्य काळ म, आणि सर्व बिघडल्यास लागणारा काळ ब. अपेक्षित काळ (अ + ४म + ब) ÷ ६, आणि प्रमाण विचलन (ब − अ) ÷ ६. यांवरून ठरल्या तारखेस काम पुरे होण्याची संभाव्यता काढावयाची.

या सूत्रांचा गणिती पाया कच्चा होता, हे लवकरच दिसून आले. जेथे अनेक मार्ग एकत्र येतात, तेथे पुढील कार्यास त्यांपैकी सर्वांत उशिरा संपणाऱ्या मार्गासाठी थांबावे लागते. परस्परांशी संबंध नसलेले दोन मार्ग प्रत्येकी ४० दिवसांत संपण्याची संभाव्यता निम्मी असेल, तर दोन्ही ४० दिवसांत संपण्याची संभाव्यता केवळ पाव असते. पर्ट मात्र एकच क्रांतिक मार्ग धरून गणित करी, आणि त्यामुळे तिचे उत्तर नेहमी वाजवीपेक्षा आशावादी येई. फुल्करसन यांनी १९६२ मध्ये आणि मॅकक्रिमन व रायाव्हेक यांनी १९६४ मध्ये हा दोष तपशिलाने दाखविला. किंबहुना पर्टचे एक कर्ते क्लार्क यांनीच १९६१ मध्ये अनेक यदृच्छ चलांतील महत्तमाचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला होता. दोष अज्ञात होता असे नव्हे. पण कीर्तीच्या वेगापुढे शंकेचा वेग कमी पडला.

ही कीर्ती कशी वाढली? २० जुलै १९६० रोजी 'जॉर्ज वॉशिंग्टन' या पाणबुडीने पाण्याखालून पोलारिस यशस्वीपणे सोडले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती पहिल्या गस्तीवर निघाली. कार्यक्रम वेळेच्या आत झाला. कार्यक्रमात पर्ट होती. म्हणून पर्टमुळे कार्यक्रम वेळेच्या आत झाला, असे अनुमान सर्वत्र रूढ झाले. आपल्या शास्त्रकारांनी ज्यास काकतालीय न्याय म्हटले आहे, त्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. कावळा बसावयास आणि फळ पडावयास गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. द्रव इंधनाचे ज्युपिटर सोडून घन इंधनाचे पोलारिस स्वीकारण्याचा मूलगामी निर्णय १९५६ च्या डिसेंबरातील, म्हणजे पर्टच्या जन्मापूर्वीचा आहे. पुढे हार्वी सापोल्स्की यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोलारिसच्या इतिहासात असे दाखविले की, तांत्रिक अधिकारी व ठेकेदार यांनी पर्टचा प्रत्यक्ष उपयोग फारच थोडा केला. तिचे मोठे कार्य बाहेरच्या जगाशी होते. व्यवस्थापन अत्याधुनिक व शास्त्रीय आहे अशी प्रतिमा तिने उभी केली, आणि त्यामुळे वरिष्ठ खात्यांची ढवळाढवळ दूर राहून कार्यालयास आपले काम निर्वेधपणे करता आले.

यावरून पर्ट ही निव्वळ बतावणी होती असे मात्र म्हणता येणार नाही. अनिश्चिततेस वेळापत्रकात स्थान दिले पाहिजे, हा तिचा आग्रह योग्यच होता. व्हॅन स्लाइक यांनी १९६३ मध्ये यदृच्छ संख्यांच्या साह्याने जालाकृतीची हजारो वेळा पुनरावृत्ती करून हाच हेतू अधिक समर्थपणे साधता येतो, हे दाखविले. दोष होता तो प्रतिमेवर विसंबून पद्धतीची सक्ती करण्यात. १९६२ मध्ये अमेरिकेचे संरक्षण खाते व नासा यांनी खर्चाची जोड दिलेल्या पर्टची मार्गदर्शिका काढली आणि ठेकेदारांवर तिचा बोजा पडू लागला. १९६७ मध्ये संरक्षण खात्याने धोरण बदलले. अमुकच पद्धती वापरा असे न सांगता ठेकेदाराच्या नियंत्रणव्यवस्थेने कोणत्या कसोट्यांस उतरले पाहिजे, एवढेच ठरवून दिले.

दरम्यान मूळ गणना शांतपणे पसरत होती. फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी याच सुमारास कार्यांना बाणांऐवजी बिंदूंचे स्थान देणारी पद्धती स्वतंत्रपणे सिद्ध केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन फोंडाल यांनी १९६१ मध्ये बांधकामाच्या ठेकेदारांसाठी, संगणकावाचून, कागद-पेन्सिलीने करावयाची रीत प्रसिद्ध केली. ज्या पद्धतीची प्रतिष्ठा संगणकावर उभी होती, तिचा गाभा संगणकावाचूनही टिकतो, हे त्यावरून सिद्ध झाले. आज वेळापत्रकांच्या संगणक-प्रणालींत सामान्यतः आढळते ती बिंदूंचीच मांडणी होय. मूळ गणनेची एक मर्यादाही या काळात स्पष्ट झाली. माणसे व यंत्रे हवी तितकी उपलब्ध आहेत, असे ती गृहीत धरते. वरील उदाहरणात साफसफाई व पंप या दोन्हींसाठी कामगारांची एकच तुकडी असेल, तर त्या तीन तासांच्या सवडीस काहीच अर्थ उरत नाही. साधनांच्या टंचाईत उत्तम वेळापत्रक काढण्याचा प्रश्न गणितदृष्ट्या फार कठीण आहे, आणि त्यावरील संशोधन अद्याप चालू आहे.

दोन उगमांची ही तुलना इतिहासाच्या अभ्यासकास एक विवेक शिकविते. एखाद्या पद्धतीचे कार्य आणि तिची कीर्ती या दोन गोष्टींचा पुरावा वेगवेगळा असतो, व तो वेगवेगळाच तपासावा लागतो. लुईव्हिलचे १२५ व ९३ हे आकडे साधे आहेत, पण ते त्याच कामाच्या आधीच्या व नंतरच्या मोजमापाचे आकडे आहेत. पोलारिसचे यश मोठे आहे, पण पर्टवाचून ते किती दिवसांनी मिळाले असते, हे दाखविणारे दुसरे पोलारिस उपलब्ध नाही. कीर्ती नौदलाच्या पद्धतीकडे गेली आणि तिच्यामुळेच कारखान्यातील गणना जगास ठाऊक झाली, हेही खरे. परंतु पद्धतीचे मूल्य ठरवावयाचे, तर कोणत्या कामास सवड आहे व कोणत्यास नाही, या तिच्या मूळ व मर्यादित उत्तरापासूनच आरंभ केला पाहिजे.