काचेत शिरलेला वायू

निर्मळला यात्रेसाठी येणाऱ्यांना तळे आणि शंकराचार्यांची समाधी ठाऊक असते. शेजारचे सोपारा हे एकेकाळी मोठे बंदर होते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. अरब लेखकांच्या नोंदींत ते ‘सुबारा’ म्हणून येते. तिथली गलबते ज्या अरबी समुद्रातून पश्चिमेला जात, त्याच समुद्राच्या तळातून १९९४ साली ‘सी-मी-वी-२’ ही ऑप्टिकल फायबरची केबल सुरू झाली. मुंबई आणि जेद्दा ही दोन्ही ठिकाणे तिच्यावर होती. मक्केला गेलेल्या आईचा आवाज काचेतून येऊ लागला, तो असा.

पण त्याआधी दहा-बारा वर्षे या काचेवरचा विश्वासच डळमळला होता. १९८२-८३च्या सुमारास जपान आणि ब्रिटनमधल्या अभियंत्यांना दिसले, की केबलमधली काच दिवसेंदिवस प्रकाश जास्त गिळते आहे. समुद्रतळाची केबल पंचवीस वर्षे टिकेल या हिशेबाने टाकतात. तिथे हा प्रकार परवडणारा नव्हता.

दोषी निघाला हायड्रोजन. केबलमधल्या धातूंना ओल लागून, तसेच तंतूवरच्या सिलिकोनच्या लेपातून तो सुटत होता. त्याचा रेणू इतका लहान, की काचेच्या जाळीतून सहज आत झिरपतो. एरवी हा रेणू अवरक्त प्रकाश जवळपास शोषतच नाही. काचेत अडकला की मात्र १२४० नॅनोमीटरच्या आसपास शोषू लागतो. वायू निघून गेला तर हे नुकसान भरून येते. पण काचेतल्या तुटक्या बंधांना तो चिकटला, तर हायड्रॉक्सिल तयार होते आणि १३८० नॅनोमीटरजवळचा डाग कायमचा राहतो. फॉस्फरस मिसळलेल्या काचेला हा त्रास अधिक.

उपाय सरळ होते: फॉस्फरस टाळायचा, लेप बदलायचा, तंतू तांब्याच्या बंद नळीत ठेवायचा. पुढे तयार तंतूला आधीच ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचा जड भाऊ, पाजण्याची युक्ती निघाली. तुटक्या बंधांची जागा तोच अडवतो आणि त्याचे शोषण संदेशाच्या पट्ट्याबाहेर पडते.

इब्न अल-हैसमच्या ‘किताब अल-मनाझिर’चा अभिमान आपण सभांमधून मिरवतो. प्रकाशाचे पुढचे शास्त्र वाचायचा मात्र कंटाळा करतो. औरंगाबादजवळ वाळूजला असा तंतू ओढला जातो, हेही किती जणांना माहीत आहे?

१९९३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये लेमेर आणि सहकाऱ्यांनी हाच वायू मुद्दाम, मोठ्या दाबाखाली तंतूत भरला. मग अतिनील किरण टाकताच काचेचा अपवर्तनांक कायमचा बदलला. त्या रेघोट्यांवर आज पुलांमधला ताण मोजतात.