एका जोडकार्डाची कुळकथा

आपल्या टपालखात्याचं जोडकार्ड अनेकांना आठवत असेल. अर्ध्या भागावर मजकूर, उरलेला अर्धा उत्तरासाठी. अमेरिकेत मतदाराचं नाव यादीत राहणार की जाणार, हे कित्येकदा अशाच एका कार्डावर ठरतं.

हे कार्ड आलं ते मतदाराच्या रक्षणासाठी. १९६० च्या दशकात अलाबामातल्या सेल्मा गावी नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडायची, आणि कृष्णवर्णीयांची वाट अडवायला साक्षरतेची परीक्षा होतीच. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने त्या परीक्षेला चाप लावला. तरी काही वर्षं मत दिलं नाही, एवढ्यावरून नाव खोडण्याची रीत अनेक राज्यांत चालू राहिली.

१९७५ मध्ये मिशिगनने वाहन परवान्याच्या कचेरीतच मतदार नोंदणी सुरू केली. तीच कल्पना देशभर नेणारं विधेयक अमेरिकेच्या संसदेने मंजूर केलं. राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशनी १९९२ मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. अखेर २० मे १९९३ रोजी त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी अशाच विधेयकावर सही केली. लोक या कायद्याला ‘मोटर व्होटर’ म्हणतात. त्यातच यादी साफ करण्याचे नियम आले. मत दिलं नाही म्हणून नाव काढायचं नाही. माणूस दुसरीकडे राहायला गेल्याचा संशय आला, तर आधी कार्ड पाठवायचं. उत्तराच्या टपालाचा खर्च सरकारचा. उत्तर आलं नाही आणि पुढच्या दोन राष्ट्रीय सार्वत्रिक निवडणुका होईपर्यंत त्याने मतही दिलं नाही, तरच नाव काढायचं. निवडणुकीच्या आधीच्या ९० दिवसांत सरसकट नावं वगळायची नाहीत.

ओहायोने मात्र दोन वर्षं मत न देणं हेच संशयाचं कारण धरलं. २०१२ मध्ये तिथे सुमारे १५ लाख कार्डं गेली. घर बदलल्याचं उत्तर आलं जेमतेम ६० हजारांचं. दहा लाखांहून जास्त लोकांकडून काहीच आलं नाही. एका राज्यात एवढी माणसं घर सोडून गेली, हे कसं मानायचं? कार्ड रद्दीत गेलं असणार, दुसरं काय! तरीही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ओहायोची पद्धत वैध ठरवली. मला तो निकाल पटत नाही. पत्राला उत्तर न देणं म्हणजे घर सोडणं नव्हे.

तिकडे नागरिक झालेली आपली पुष्कळ माणसं आहेत. त्यांना एवढंच सांगणं: निवडणूक कचेरीचं कार्ड आलं, तर जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका. त्याच दिवशी भरून पेटीत टाका.