भिवंडीची खाडी आणि माझगावच्या पाणबुड्या

भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, गोदामं आठवतात, ट्रॅफिक आठवतं. मी इथलाच. कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या मागे अडकून खाली खाडीकडे बघत किती तास काढले, मोजलेले नाहीत. आपलं आरमार याच खाडीपट्ट्यात जन्मलं हे मात्र मला फार उशिरा कळलं.

२४ ऑक्टोबर १६५७ ला महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि जहाजबांधणी सुरू केली. लढाऊ जहाजांची विद्या तेव्हा पोर्तुगीजांकडे. म्हणून रुई लैतांव व्हिएगस आणि त्याची माणसं कामाला ठेवली. जहाजं सिद्दीविरुद्ध आहेत, असं सांगितलं गेलं. पण फिरंगी काय समजायचं ते समजले. १६ ऑगस्ट १६५९ च्या त्यांच्या पत्रात भिवंडी, कल्याण आणि पनवेलच्या जहाजांचा उल्लेख आहे. ती बाहेर पडू देऊ नका, असा कप्तानाला हुकूम दिल्याचंही आहे. वसईवाल्यांनी व्हिएगसला फितवलं आणि ही मंडळी रातोरात निघून गेली.

आरमार थांबलं का? नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज बसरूरच्या स्वारीवर गेले ते स्वतःच्या जहाजांतून.

आता माझगावला या. १९८१ मध्ये जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कीलला बांधायच्या, दोन माझगाव गोदीत. आपले लोक जर्मनीत जाऊन शिकून आले. मग १९८७ मध्ये दलालीचे आरोप झाले आणि पुढच्या पाणबुड्या रद्द. १९९२ मध्ये ‘शाल्की’ आणि १९९४ मध्ये ‘शंकुल’ नौदलात आली, त्यानंतर गोदीत पाणबुडीचं नवं काम नाही. शिकलेले हात पांगले. माझगावची पुढची पाणबुडी, फ्रेंचांच्या मदतीने बांधलेली ‘कलवरी’, नौदलात आली ती १४ डिसेंबर २०१७ ला. तेवीस वर्षं! इथे परका कारागीर पळून गेला नव्हता. आपणच आपल्या कारागिराला रिकामं बसवलं. भ्रष्टाचार झाला असेल तर दोषींना धरा, पण विद्येला शिक्षा कशासाठी?

आज फ्रान्स मित्र आहे, आणि २०२५ मध्ये जर्मनांशी पुन्हा सहा पाणबुड्यांची बोलणी सुरू झाली. चांगलंच आहे. पाण्याखालची सुरक्षा एकट्या देशाच्या आवाक्यातली नाही. पण मित्राचं हित आणि आपलं हित कायम एकाच दिशेला वाहील, असं खाडीच्या पाण्यालाही जमत नाही. भरती असेल तोवर शिकून घ्यायचं.

तसं होतंय, याचा एक पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. पाणबुडीला वर न येता जास्त दिवस पाण्याखाली राहू देणारी, इंधन-घटांवर चालणारी यंत्रणा डीआरडीओच्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेने तयार केली. मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. ती ‘कलवरी’ वर्गात बसवायला फ्रेंच कंपनी मदत करणार आहे. सहकार्य असं हवं: यंत्र आपलं, मदत मित्राची. उद्या मित्र रातोरात निघून गेला, तरी यंत्र आणि ते बनवणारे हात इथेच राहतील.

फक्त त्या हातांना पुन्हा वर्षानुवर्षं रिकामं बसवू नका, एवढंच भिवंडीकराचं म्हणणं.