अंबराची नहर

फुलंब्रीहून दक्षिणेस निघालें कीं हर्सूलवरून छत्रपति संभाजीनगर लागतें. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास वसविलेली खडकी ती हीच. नव्या शहरासाठीं त्यानें उत्तरेकडील डोंगरांत जिरलेलें पाणी भूमिगत नहरेनें, केवळ उताराच्या बळावर, आणिलें. ना मोट, ना रहाट! कोंडलेली हवा सुटावी म्हणून मनोरे. गाळ काढावयास माणूस उतरेल अशीं विवरें. आम्हांस खरें कौतुक या विवरांचें वाटतें. आखणी एकाची, बांधकाम दुसऱ्याचें आणि गाळ तिसऱ्याच्या माथीं, अशी वांटणी झाली कीं प्रथम तींच वगळलीं जातात. येथें तिन्ही भार एकाच धन्याच्या शिरावर होते. अंबर १६२६ मध्यें वारला. नहर शतकानुशतकें वाहत राहिली. विसाव्या शतकांत शहर वाढलें, आणि गोदावरीचें पाणी दक्षिणेकडून यंत्रांनीं वर चढवावें लागलें.