पडद्याला कुणी सांगितलं? यंत्रांवरच्या डिस्प्लेचा इतिहास आणि एक रिसर्च क्वेश्चन

पीएचडीला प्रवेश घेतला तेव्हा माझ्या सिनॉप्सिसचा विषय होता, औद्योगिक यंत्रांसाठी स्वस्त एम्बेडेड डिस्प्ले तयार करणं. गाईडनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "यात प्रश्न कुठाय?" मला तेव्हा रागच आला. सर्किट होतं, प्रोग्राम होता, खर्चाचा तक्ता होता. अजून काय हवं?

उत्तर मिळायला आठ महिने लागले, आणि ते लायब्ररीत नाही, भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मिळालं. तिथल्या एका जुन्या लेथवर मी स्वतः बनवलेला डिस्प्ले बसवला होता. एके दिवशी टिप जळाली, जॉब रिजेक्ट झाला. चिप्स निळ्या पडेपर्यंत माझा पडदा शांतपणे ‘कूलंट ऑन’ असंच दाखवत होता. प्रत्यक्षात पंपाचा ओव्हरलोड ट्रिप झाला होता, थेंबभरही कूलंट येत नव्हतं. मशीनवरचे काका चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "मॅडम, तुमचा पडदा पंपाला विचारून बोलतो, की स्वतःच ठरवतो?"

मी कोड उघडून पाहिला. पडदा स्वतःच ठरवत होता. कंट्रोलरने कॉन्टॅक्टरला ‘चालू हो’ असा हुकूम सोडला की त्याच ओळीत मी पडद्यावर ‘ऑन’ लिहीत होते. हुकूम दिला म्हणजे काम झालं, असं मी गृहीत धरलं होतं.

रिसर्चची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी आज हाच प्रश्न घेऊन यंत्रांवरच्या डिस्प्लेचा थोडा इतिहास बघूया. प्रश्न असा: पडद्यावर जे दिसतं, ते पडद्याला कुणी सांगितलं?

काटा खोटं का बोलत नव्हता

सुरुवात करूया प्रेशर गेजपासून. १८४९ मध्ये युजीन बूर्दों या फ्रेंच माणसाने वाकवलेल्या धातूच्या नळीच्या गेजचं पेटंट घेतलं. नळीत दाब वाढला की ती थोडी सरळ होते आणि तिला जोडलेला काटा फिरतो. आजही बॉयलरवर, कॉम्प्रेसरवर, हॉस्पिटलच्या ऑक्सिजन सिलिंडरवर तुम्हाला हाच गेज दिसेल.

यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की काटा ज्या वाफेबद्दल सांगतोय, तीच वाफ त्याला ढकलतेय. मधे निरोप्या नाही. हा गेज बिघडत नाही असं नाही. नळी चोंदते, काटा अडकतो. पण बिघडला तरी तो हुकूम वाचून दाखवत नाही.

वीज आल्यावर हे बदललं. मोजण्याची जागा आणि दाखवण्याची जागा एकमेकांपासून लांब गेली. भट्टी एकीकडे, पॅनल दुसरीकडे, मधे तार. सोय मोठी होती, माणसाला उष्णतेत उभं राहावं लागत नव्हतं. पण आता तारेच्या दुसऱ्या टोकाला नक्की काय जोडलंय, हे पॅनलकडे बघून कळत नव्हतं.

एक दिवा, २८ मार्च १९७९

या बदलाची सर्वांत महागडी शिकवणी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात झाली. थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये पहाटे चारच्या सुमारास पाणीपुरवठ्यात बिघाड झाला आणि अणुभट्टीतला दाब वाढला. जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. दाब उतरल्यावर व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा होता, पण तो उघडाच अडकला.

कंट्रोल रूममध्ये या व्हॉल्व्हसाठी एक दिवा होता. दिवा विझला होता, म्हणून ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं मानलं. पण दिव्याची तार व्हॉल्व्हच्या जागेला जोडलेलीच नव्हती. व्हॉल्व्हला जाणारा विजेचा संकेत आहे की नाही, एवढंच तो दाखवत होता. ‘बंद हो’ असा हुकूम गेला होता हे खरं. व्हॉल्व्ह बंद झाला होता हे खरं नव्हतं.

पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म वाजले. गळणारं पाणी जिथे साठत होतं त्या टाकीचा दाब दाखवणारा मीटर होता, पण तो मुख्य पॅनलच्या मागच्या बाजूला. गळती थांबवणारा दुसरा व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ गेला. मधल्या काळात ऑपरेटरांनी आणीबाणीच्या पाण्याचा पुरवठाही कमी केला होता, कारण त्यांच्यासमोरचा एक मीटर पाणी जास्त झालंय असं सुचवत होता. भट्टीचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला.

मला सगळ्यात जास्त हादरवणारा तपशील वेगळाच आहे. तो दिवा मूळ रचनेत नव्हताच. साधारण वर्षभर आधी याच युनिटमध्ये हाच व्हॉल्व्ह उघडा राहिल्याची घटना घडली होती आणि त्यातून धडा घेऊन तो दिवा नंतर बसवला गेला होता. म्हणजे इतरांनीही तेच केलं होतं जे मी लेथवर केलं: माहिती कमी पडतेय म्हणून डिस्प्ले वाढवला, पण तो चुकीच्या जागी जोडला. दिवा नसता तर ऑपरेटरने कदाचित शंका घेतली असती. दिव्याने ती शंकाच काढून घेतली.

पडदा स्वस्त झाला

अपघाताच्या सुमारास तंत्रज्ञान मात्र झपाट्याने पुढे जात होतं. १९५५ मध्ये बरोज कंपनीने निक्सी ट्यूब बाजारात आणली, काचेच्या नळीत केशरी उजेडाने पेटणारे आकडे. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या लाल उजेडाचा एलईडी करून दाखवला. १९६८ मध्ये आरसीए कंपनीने लिक्विड क्रिस्टलचा डिस्प्ले जाहीर केला आणि १९७० च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये शाड्ट आणि हेलफ्रिश यांनी त्याच्या सुधारित प्रकाराचं पेटंट दाखल केलं. घड्याळांत आणि कॅल्क्युलेटरांत शिरला तो हाच प्रकार. मोठ्या कारखान्यांसाठी १९७५ मध्ये हनीवेलची टीडीसी २००० आणि योकोगावाची सेंटम या प्रणाली आल्या. भिंतभर मीटरांच्या जागी टेबलावरचा पडदा येऊ लागला.

पण छोट्या यंत्रापर्यंत पडदा पोचवला तो एका साध्या चिपने. जपानच्या हिताची कंपनीची एचडी ४४७८०. लॅबमध्ये तुम्ही वापरलेला सोळा अक्षरं, दोन ओळींचा हिरवा किंवा निळा एलसीडी आठवतोय? त्यामागे ही चिप किंवा तिची नक्कल असते. वजनकाटा, यूपीएस, झेरॉक्स मशीन, वेल्डिंग सेट, सगळीकडे तीच. १९८० च्या दशकातली रचना, पण आजही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल याच्यावरच होतं.

आता डेटा शीटकडे इतिहासाचा कागद म्हणून बघा. तिच्यात कुणाला जागा आहे आणि कुणाला नाही, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. एचडी ४४७८० च्या एका प्रचलित आवृत्तीत इंग्रजी अक्षरं आहेत आणि कंपनी जपानी असल्याने काताकाना लिपीही आहे. देवनागरी नाही. आपली अक्षरं हवी असतील तर आठ मोकळे चौकोन मिळतात, प्रत्येक पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच.

आठ पुरतात का? करून बघा. पडद्यावर ‘तापमान’ लिहायचंय. त, काना, प, म, न, असे पाच आकार गेले. शेजारी ‘दाब’ लिहा. द आणि ब, झाले सात. आता ‘वेग’. वे आणि ग मिळून नऊ. तिसऱ्याच शब्दाला जागा संपली! शिवाय दोन चौकोनांच्या मधे फट असते, त्यामुळे शिरोरेषा तुटते. जोडाक्षरांचं तर बोलूच नका.

म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांनी कामगाराशी इंग्रजीत बोलायचं असं कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं. चौसष्ट बाइट मेमरीने ते ठरवलं. कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणायचं काम आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालं, १९९१ मध्ये इस्की हे मानक आलं, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. पण दोन ओळींच्या एलसीडीला यातलं काहीच लागू नव्हतं. पूर्ण ठिपक्यांनी चित्र काढता येणारे ग्राफिक एलसीडी आणि रंगीत टीएफटी स्वस्त झाल्यावरच तो अडसर गेला.

या चिपमध्ये आणखी एक गंमत आहे. तिच्यावर वाचा-लिहा ठरवणारी एक पिन असते. तिच्यामुळे कंट्रोलर पडद्याला विचारू शकतो, "तू मोकळा आहेस का? तुझ्यावर आत्ता काय लिहिलंय?" आपण सगळे ही पिन सरळ ग्राउंडला जोडतो, एक तार वाचते म्हणून. मग संवाद एकतर्फी होतो. शेजारचा कॉन्टॅक्टर उघडझाप करताना उडालेल्या नॉइजमुळे पडद्यावर कचरा अक्षरं आली, तरी कंट्रोलरला पत्ता नसतो. पंपाचं जे केलं तेच पडद्याचं: सांगायचं, विचारायचं नाही.

मोठा पडदा, तरीही

आता तुम्ही म्हणाल, ताई, ही सगळी जुन्या आणि छोट्या पडद्यांची रडगाणी. आता सात इंची टचस्क्रीन मिळतो. मान्य. म्हणून एक नंतरची घटना बघा.

२३ मार्च २००५, टेक्सास सिटी, अमेरिका. बीपी कंपनीच्या रिफायनरीत एक उंच टॉवर सुरू करताना त्यात प्रमाणाबाहेर द्रव भरत गेला, बाहेर उसळला आणि स्फोट झाला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. कंट्रोल रूममध्ये आधुनिक संगणक होते. पण पातळी मोजणारं उपकरण टॉवरच्या तळाचा थोडाच भाग मोजू शकत होतं. पातळी सुमारे १५८ फुटांवर गेली होती तेव्हा पडद्यावर आठ फुटांच्या आसपासचा आकडा होता. आणि आत किती येतंय, बाहेर किती जातंय, हे दोन आकडे वेगवेगळ्या स्क्रीनवर होते. शेजारी शेजारी असते तर आत येतंय पण बाहेर काहीच जात नाही, हे साध्या वजाबाकीने दिसलं असतं.

म्हणजे जागा भरपूर असली, रंग असले, तरी मूळ प्रश्न तोच उरतो. हा आकडा कुठून आला? तो कुठपर्यंत खरा आहे? आणि ज्याच्या शेजारी तो ठेवायला हवा होता, तो कुठे आहे?

मग रिसर्च कशाचा?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये वस्तू होती, प्रश्न नव्हता. ‘डिस्प्ले बनवणे’ हा प्रोजेक्ट झाला. ‘यंत्रावर नंतर बसवलेला डिस्प्ले हुकूम दाखवतो की स्थिती, आणि ऑपरेटरला तो फरक ओळखता येतो का?’ हा प्रश्न झाला. यात उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं, ‘काही वेळा’ असंही येऊ शकतं. जिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं, तिथे रिसर्च नसतो.

इतिहास वाचल्याचा फायदा इथे झाला. थ्री माइल आयलंडबद्दल वाचलं नसतं तर कूलंटची चूक मी ‘बग’ म्हणून दुरुस्त केली असती आणि विसरले असते. ती एका जुन्या कुळातली चूक आहे हे कळलं, तेव्हा ती अभ्यासाचा विषय झाली.

तुमच्यासाठी तीन गोष्टी सांगते. पहिली, डेटा शीट फक्त पिन बघायला उघडू नका. त्यात काय गृहीत धरलंय ते वाचा. दुसरी, अपघातांचे चौकशी अहवाल वाचा. एखादं यंत्र माणसाला काय सांगत होतं याचं मिनिटामिनिटाचं वर्णन तुम्हाला इतकं तपशीलवार दुसरीकडे क्वचितच मिळेल. तिसरी, शॉप फ्लोअरवर जा आणि पॅनलवर चिकटवलेले कागद बघा. मार्करने काढलेली खूण, सेलोटेपने लावलेली चिठ्ठी, गेजच्या काचेवरची लाल रेघ. पडद्याने जे सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते तिथे लिहिलेलं असतं.

त्या लेथचं काय झालं? कूलंटच्या पाइपवर एक फ्लो स्विच बसवला. आता पडद्याच्या पहिल्या ओळीत हुकूम दिसतो, दुसऱ्या ओळीत प्रवाह, आणि दोन्ही जुळले नाहीत तर बझर वाजतो. वाचा-लिहाची पिनही ग्राउंडवरून सोडवली. काकांना दाखवलं. त्यांनी पंपाचा ब्रेकर हाताने पाडला, बझर वाजेपर्यंत थांबले, मग वाकून नळीतून खरंच पाणी बंद झालंय का तेही बघितलं.

पडद्यावर विश्वास ठेवायच्या आधी त्यांनी त्याची परीक्षा घेतली. माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण तिथून सुरू होतं.