तोकड्या भांडवलातला भयानक रस

रसचर्चेत आपण कवी, नट आणि सहृदय यांचा विचार करतो. निर्मात्याच्या थैलीचा करत नाही. नाटकापुरते ते चालून गेले. चित्रपटात मात्र प्रकाशाचा प्रत्येक झोत पैशाने मोजला जातो; फिल्मच्या काळात तिचा प्रत्येक फूटही तसाच मोजला जाई. म्हणून प्रश्न असा: भांडवल तोकडे असेल, तर रसनिष्पत्तीचे स्वरूप बदलते का? उत्तरासाठी रामसे बंधूंचे हिंदी भयपट तपासू.

१. पूर्वपीठिका

फाळणीनंतर मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांचा धंदा रेडिओ आणि विद्युत उपकरणांचा. त्यांच्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) या चित्रपटाला यश मिळाले नाही. मात्र मुखवटा चढवून चोरीला निघालेला पृथ्वीराज कपूर पाहताना प्रेक्षक दचकतात, हे रामसेंच्या मुलांनी हेरले. त्यातून ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) उभा राहिला. चित्रीकरण महाबळेश्वरला झाले आणि खर्च सुमारे ३.५ लाख रुपये आला. सात भावांनी कामे वाटून घेतली: पटकथा कुमार, छायाचित्रण गंगू, ध्वनी किरण, संकलन अर्जुन, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम, केशूचा हातभार निर्मितीत. सारे घरच राबत असल्याने मजुरीचा मोठा भाग वाचला.

२. विभावांची वाटणी

भयानक रसाचा स्थायीभाव भय. त्याचे विभाव, म्हणजे तो जागवणारी कारणे, सांगताना नाट्यशास्त्रकार भरताने विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, कोल्हे-घुबडे, ओसाड घर आणि अरण्य यांची नावे घेतली आहेत. उत्तरकालीन शास्त्रकारांनी विभावांचे दोन भाग केले. ज्याच्यामुळे भाव जागतो ते आलंबन. जे त्या भावाला चेतवते ते उद्दीपन.

चित्रपटात या दोहोंची किंमत सारखी नसते. भयपटाचे आलंबन म्हणजे राक्षस. तो पटेल असा उभा करायचा तर रंगभूषा, मुखवटा आणि तांत्रिक करामती लागतात, आणि त्या महाग पडतात. उद्दीपन स्वस्त असते: धुके, करकरणारे दार, खालून टाकलेला हिरवा-निळा प्रकाश, दूरवरची कोल्हेकुई. पैसा कमी पडला की रसाचा भार आलंबनावरून उद्दीपनावर सरकतो. हेच या चित्रपटांचे रचनासूत्र. भरताची यादी आणि रामसेंची सामग्री इतकी जुळते, याचे कारणही हेच: ओसाड घर कोणत्याही काळी राक्षसापेक्षा स्वस्तच मिळणार.

३. उदाहरण

‘पुराना मंदिर’ (१९८४) घ्या. सामरी या दुरात्म्याचा शिरच्छेद होतो. शीर पेटीत बंद करून वाड्यात ठेवतात, धड मंदिरामागे पुरतात. मरताना तो शाप देतो की राजवंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. कथेची ही मांडणी खर्चाच्या दृष्टीनेही नेमकी आहे. राक्षसाचे दोन तुकडे केल्यामुळे तो बराच काळ पडद्याआड राहू शकतो आणि तोवर भय पेटी, वाडा आणि शाप यांच्यावर पोसले जाते. पुढे तो अवतरतो तेव्हा अनिरुद्ध अग्रवाल या नटाची असामान्य उंची आणि ठळक हाडांचा चेहरा निम्मे काम करतो. जिथे रंगभूषेवर पैसा ओतावा लागला असता, तिथे योग्य माणूस निवडून भागले.

४. रसविघ्ने

दोष लपवण्याचे कारण नाही. याच चित्रपटात विनोदी नट जगदीपचे ‘शोले’च्या धर्तीवरचे विडंबन घुसडले आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्य आणि भयानक यांना परस्परविरोधी मानले आहे, ते किती खरे आहे, याचा प्रत्यय इथे येतो. जमत आलेले भय प्रत्येक वेळी विस्कटते. दुसरा दोष अधिक गंभीर. स्त्रीदेहाचे प्रदर्शन भयाला पोसत नाही, तिकीट खपवण्यासाठी येते. शाप स्त्रीच्या गर्भावर आहे, तरी तिची वेदना कथेचा विषय होत नाही. या दोन्ही दोषांना भांडवलाची सबब लागू पडत नाही; इथे चुकली ती दृष्टी.

५. निष्कर्ष

तोकडे भांडवल रस मारत नाही, त्याची वाट बदलते. या चित्रपटांचे मूल्यमापन राक्षसाच्या रबरावरून करणे म्हणजे उद्दीपनप्रधान कृतीला आलंबनाच्या मापाने मोजणे. चित्रपटाचे सुटे तुकडे पाहून हसणाऱ्याला हे कळणार नाही, कारण उद्दीपन साचत जाते. त्याला वेळ लागतो. म्हणून वाचकांना विनंती: ‘पुराना मंदिर’ एकदा अंधारात, सलग पाहा. सामरी दिसण्याआधीची दृश्ये लक्षपूर्वक पाहा. या चित्रपटांचे खरे कर्तृत्व तिथे आहे.